ओवाळणीत मागितलेलं नाव

"ताई? ताई बाटल्या धुवायची."

शामला परातेच्या डोक्यात हे वाक्य असं रुतून बसलं होतं की काही केल्या निघत नव्हतं. बोलला होता तिचा सख्खा धाकटा भाऊ, अभिजीत निरगुडे, कुठल्याशा मुलाखतीत, हसत हसत. तो व्हिडिओ तिला नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या शेजारणीने मोबाइलवर दाखवला, आणि तोही कौतुकाने. "तुमचाच भाऊ ना वं हा? काय बाई फाडफाड बोलते!" शामला तेव्हा पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं, व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला, नीट पाहिला आणि शेजारणीला चहा करून दिला. पण त्या दिवशीच्या पोळ्या कुणाला तोडता आल्या नाहीत, असं तिचा नवरा सुशील अजून सांगतो.

बाटल्या धुवायची म्हणे! दिंडोरीकडच्या गावात वडिलांनी द्राक्षबागेच्या कडेला वाइनचं छोटं तळघर बांधलं, तेव्हा हे चिरंजीव कॉलेजात गॉगल लावून फिरत होते. द्राक्ष कधी तोडायचं, रस सालांसकट किती मुरू द्यायचा, पिंपातून कधी काढायचा, हे शामला शिकली. चुकतमाकत शिकली, हात कोपरापर्यंत जांभळे करून घेत शिकली. गाव तिच्या लग्नाच्या वयावरून कुजबुजत होतं आणि ही बाई पिंपाला कान लावून आतला बुडबुडा ऐकत बसायची. तिच्या हातून पहिली बरी लाल वाइन झाली तेव्हा तिनेच तिला वडिलांचं, आबांचं नाव दिलं, 'बाबनराव'. वडील मितभाषी, चहाही बिनसाखरेचा घेणारे. ती वाइन तशीच होती, कोरडी आणि मोजकं बोलणारी. बाटलीवर आपलं नाव पाहून म्हातारा लाजला होता.

मग एका कंपनीकडून तळघरात पंप बसवायला सुशील पराते आला. नागपूरचा, कोष्ट्यांच्या घरचा. घरचे हातमाग केव्हाच बंद पडलेले, लकडगंजात मोटारी दुरुस्त करायचं दुकान. पंप दोन तासांत बसला, पण हा गडी काही ना काही कारण काढून पुन्हा येतच राहिला. लग्नाची गोष्ट निघाली तशी घरात आग लागली. जात वेगळी, मुलूख वेगळा. तेव्हा अभिजीतने मोठ्या मनाने मार्ग काढला. "आबांना मी पटवतो, ताई. तू फक्त हक्कसोड करून दे. माहेर हवं ना तुला?" आपल्याकडे सही देणाऱ्या बहिणीला पैठणी मिळते आणि न देणारीला माहेरचं दार बंद होतं, हे काय कुणाला सांगायला हवं? तिने सही दिली. जमीन गेली, तळघर गेलं आणि तळघराच्या मालकीचं म्हणून 'बाबनराव' हे नावही गेलं. जमिनीचं तिला फारसं वाटलं नाही. नावाचं मात्र फार वाटलं.

दोनेक वर्षांत वडील वारले. अभिजीतने तेराव्यानंतर कामाला हात घातला आणि वाइनची पार रया घालवली. साखर काय, रंग काय, लाकडी पिंपाचा वास यावा म्हणून लाकडाचा भुसा काय! बाटलीवर सोनेरी अक्षरात 'बाबनराव' आणि आत सरबत. एकदा शामलाने नागपुरातल्या दुकानातून मुद्दाम एक बाटली आणली, घोट घेतला आणि मोरीत जाऊन थुंकून आली. ओठ चिकटत होते. बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या माणसाच्या नावावर हा पाक विकला जात होता, आणि विकणारा वर सांगत होता की ताई बाटल्या धुवायची.

"त्या बाटलीवरून आबांचं नाव खरवडून काढीन," ती त्या दिवशी सुशीलला म्हणाली. "नाही काढलं तर बाबनरावांची मुलगी नाही."

"काढजो ना वं," सुशील म्हणाला. "पहिले जेवून तर घे."

जेवली. पण त्या दिवसापासून तिने जे केलं ते या एका गोष्टीसाठी केलं. सुशीलचे मामा बळीराम यांची मनसरला, रामटेकच्या वाटेवर, एक टेकाडाची पट्टी पडून होती. तांबडा मुरूम, मधे मधे काळे, जड मँगनीजचे दगड. तिथे तूरसुद्धा रडतखडत येई. शामलाने ती मागून घेतली आणि द्राक्ष लावलं. लोक हसले, हसणारच. संत्र्याच्या मुलखात द्राक्ष, आणि तेही दारूचं! बळीराममामा तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले, "आमची सून दगडाले पाणी घालून राहिली."

पहिल्या खेपेला तिने घोळ घातलाच. हात नाशिकचे, सवय नाशिकची. तिकडे सगळे ऑक्टोबरात छाटणी करतात म्हणून हिनेही ऑक्टोबरात केली. द्राक्ष पिकायला मार्च उजाडला, आणि मार्चात नागपूरचं ऊन काय असतं ते परक्या माणसाला कसं कळावं? घड वेलीवरच शिजले. वाइन झाली ती काळीकुट्ट आणि गोड.

सुशीलने चाखली. "हा तर जांभळाचा मुरब्बा झाला वं," तो म्हणाला.

मुरब्बा! म्हणजे भाऊ भुसा घालून जे करत होता तेच हिने घाम गाळून केलं होतं. शामलाला स्वतःचाच असा संताप आला की तिने सगळी टाकी बांधावर ओतून दिली आणि त्या लाल चिखलात उभी राहून भावाला शिव्या घातल्या. भावाचा त्यात काय दोष, असं विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

पुढच्या वर्षी तिने नाशिकचं पंचांग फेकून दिलं. पाऊस पुरता सरायच्या आधीच छाटणी केली. ओल्या हवेत कोवळ्या पानावर केवडा पडतो, रोगच तो, एका आठवड्यात बाग बसवतो. ती रोज वेलीन् वेल उलटून बघायची, डागाळलेलं पान दिसलं की खुडायची. लोक म्हणाले, बाई वेडी झाली. पण घड पिकायला आले ते जानेवारीत, रामटेकची थंडी अंगात मुरवून. त्यातून उतरलेली वाइन फिक्या लाल रंगाची होती, काचेच्या पेल्यापलीकडची बोटं दिसावीत इतकी. गोडवा नाही. पहिल्या घोटाला माणूस म्हणतो यात काही नाही, आणि दुसऱ्या घोटाला जिभेवर तो तापलेला दगड येतो, मनसरचा. त्या टेकाडापलीकडे कुठेच तशी होणार नाही. शामलाने तिला ना साखर लावली, ना भुसा, ना फार दिवस नव्या लाकडात ठेवली. बाटलीवर गावाचं नाव घातलं, 'मनसर'.

सासू यमुताईंनी वर्षभर नाक मुरडलं. घरात दारू म्हणजे काय! मग एका रविवारी सावजी मटणाबरोबर सुशीलने त्यांना फसवून अर्धा पेला पाजला. म्हातारीने डोळे मिटून गिळला, मटणाचा तुकडा खाल्ला आणि पुन्हा पेला पुढे केला.

"तिखट मारत नाही हे," त्या म्हणाल्या. "बाजूले बसून राह्यते. घाल अजून."

हळूहळू नागपुरातली चार जेवणाची ठिकाणं 'मनसर' ठेवू लागली. रामटेकहून परतणारे गाडी थांबवून विचारू लागले. नाव होत होतं. दुसरी असती तर निवली असती. शामला कसली निवते! दर भाऊबीजेला ती गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायची, भाऊ नसलेली बाई ओवाळते तशी, आणि खाली येऊन म्हणायची, "येईल. एक दिवस नाक घासत येईल."

आणि एका वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस दिंडोरीकडे गारा पडल्या.

आई मैनाबाईंचा फोन आला. बाग झोपली होती. अभिजीतचीच नव्हे, आसपासच्या सगळ्यांची. तोडणीला आलेले घड चिखलात. शामलाला वाईट वाटलं का? वाटलं. त्यातले कितीतरी वेल तिने स्वतःच्या हाताने लावले होते, त्यांचं वाटलं. भावाचं? छे! तिची तोडणी जानेवारीतच उरकली होती, वाइन पिंपांत शांत झोपली होती. तिने फोन ठेवला आणि सुशीलला म्हणाली, "आता येईल."

"काहून येईल? त्याच्या गावाले का वाइनवाले कमी आहेत?"

"ज्यांच्याकडे उरली असेल ते त्याला थेंब देणार नाहीत. सगळ्यांशी भांडून बसलाय. हॉटेलांना माल द्यायचाय त्याला. नाही दिला तर फळीवरून उठवतील. येईल."

तो आला, पण कसा आला बघा. महिनोन् महिने फोन नाही, काही नाही. त्याच्या बायकोने म्हणे सुचवलं की भाऊबीजेला जा, त्या दिवशी बहीण भावाला दारातून हाकलत नाही. शिवाय आईला पुढे घाल. हुशारच म्हणायची! आणि हा दीडशहाणाही त्या मुहूर्ताने आला. बहिणीला त्या दिवशी नाही म्हणता येत नाही एवढं त्याने धरलं. पण त्या दिवशी पाटावर कोण बसतं आणि मागायचा हक्क कुणाचा असतो, याचा विचार त्याच्या टाळक्यात आला नाही.

दुपारी गाडी नंदनवनात दारापुढे उभी राहिली. आधी मैनाबाई उतरल्या, मागून अभिजीत, हातात मिठाईचा डबा आणि साडीची पिशवी. शामलाने आईच्या पायावर डोकं ठेवलं. भावाला म्हणाली, "ये." एवढंच.

यमुताईंनी बसवलं, पाणी दिलं. "या बापा, या. एवढ्या वर्षांनी रस्ता सापडला का?"

अभिजीत हसला. चहा संपायच्या आत त्याने विषय काढला. तिच्याकडे असेल ती सगळी वाइन हवी होती. बाजारभावापेक्षा कमी देणार नाही, शब्द दिला. "तुझी जरा फिकी असते ना, ताई. मी करून घेईन नीट. थोडी साखर, थोडा रंग. लोकांना तेच लागतं. 'बाबनराव' म्हणून भरली की कोण विचारतंय?"

शामला हसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायको अशी गोड हसताना सुशीलने कधी पाहिली नव्हती.

"धंद्याचं नंतर बोलू," ती म्हणाली. "आधी ओवाळून घेते. किती वर्षं राहिलंय."

पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. शेजारच्या दोघी माहेरी ओवाळून नुकत्याच परतल्या होत्या, त्या दारात उभ्या राहिल्या. व्हिडिओ दाखवणारी शेजारीणही त्यात होती, आणि 'व्हिडिओतला भाऊ' बघायला पुढे सरकली होती. अभिजीत रुमाल डोक्यावर घेऊन पाटावर बसला. शामलाने कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी-अंगठी फिरवली, ताट ओवाळलं. त्याने साडी आणि पाकीट ताटात ठेवायला हात पुढे केला.

तिने ताट मागे घेतलं.

"साडी नको. मागेन ते देशील?"

मैनाबाईंचा चेहरा फुलला. पोरांचं जुळतंय असं त्या माउलीला वाटलं. "माग गं," त्या म्हणाल्या. "भावाकडे नाही मागायचं तर कुणाकडे?"

"माग ना ताई," अभिजीतही ऐटीत म्हणाला. फार तर सोन्याचं काही मागेल, एवढीच त्याची धाव.

"'बाबनराव' दे."

"म्हणजे?"

"बाटलीवरचं नाव दे मला. आजपासून तुझ्या एकाही बाटलीवर आबांचं नाव दिसता कामा नये. वकिलाकडे उद्या जाऊ. आत्ता फक्त दिलं म्हण."

अभिजीतचा रंग उतरला. तो उठायला गेला, पण ताट समोर, दिवा नाकापुढे. ओवाळणी पुरी झाल्याशिवाय पाटावरून कसा उठणार? "असलं काय मागतात ओवाळणीत?" तो पुटपुटला. "धंदा आहे तो, ताई."

"मागितलं तर नाही म्हणत नाहीत गा पाहुणे," यमुताई खुर्चीतून म्हणाल्या. "आमच्या इकडे तरी नाही म्हणत."

दारातल्या बायकांनी माना डोलावल्या. अभिजीतने आईकडे पाहिलं. जिला ढाल म्हणून आणली होती ती ढाल म्हणाली, "दे की रे. बापाचं नाव तिचंही आहेच."

त्याच्या मनात काय चाललं होतं ते कुणालाही वाचता आलं असतं. नाव गेलं तरी वाइन विकता येते. वाइनच नसेल तर नाव काय चाटायचं? आणि वाइन पूर्ण नाशकात त्याला कुणी देणार नव्हतं, फक्त या समोर ताट धरून उभ्या बाईकडे होती.

"दिलं," तो म्हणाला.

"मोठ्याने म्हण."

"'बाबनराव' दिलं."

तरी शामलाने ताट ठेवलं नाही. "आणि बाटल्या कोण धुवायचं रे, अभी?"

"ताई, जाऊ दे ना आता..."

"हात अवघडलाय माझा. लवकर सांग. या सगळ्या ऐकतायत."

मान खाली घालून तो बोलला, "वाइन तू करायचीस. सगळी तूच करायचीस." शेजारणीने तोंडाला पदर लावला.

मग तिने ताट खाली ठेवलं. आनंद झाला तिला, का लपवायचा? असा आनंद तिला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. "आता ने वाइन," ती म्हणाली. "एक पिंप ठेवते, बाकी सगळी ने. साखर घाल, भुसा घाल, काकवी घाल हवी तर. आणि वर स्वतःचं नाव लाव. 'अभिजीत'. शोभेल."

भाऊ दोन घास खाऊन पानावरून उठला. वकिलाकडचं काम आटोपून, टँकर भरून तो गेला. सुशील मनसरला रिकाम्या पिंपांवर टिचकी मारत फिरला आणि न राहवून बोललाच. "सारी वर्षाची मेहनत देऊन टाकली वं. तो साखर घालीन तिच्यात. यंदा 'मनसर' म्हणून विकायले काय आहे आपल्याजवळ?"

"एक पिंप आहे."

"एका पिंपात काय होते?"

"होते," ती त्याच्याच बोलीत म्हणाली.

मैनाबाई मात्र लेकीकडे राहिल्या. त्यांना भारी समाधान झालं होतं. राहिलेलं ते एक पिंप आता 'बाबनराव' म्हणून बाटलीत जाणार, पूर्वीसारखं कोरडं, पूर्वीसारखं खरं, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. सगळ्यांनीच धरलं होतं. शामलानेही. सुशीलने लकडगंजातल्या छापखान्यातून नमुन्याचं लेबल करून आणलं. सोनेरी अक्षरं नाहीत, साधा पांढरा कागद आणि काळ्या ठळक अक्षरात नाव. सकाळच्या उन्हात मैनाबाईंनी ते हातावर धरलं आणि अक्षरांवरून बोट फिरवलं. "किती छान केलंय," म्हणाल्या. "बघ की गं."

शामलाने कागद घेतला आणि बघत राहिली. इतकी वर्षं ज्याच्यासाठी दात-ओठ खाल्ले ते हातात होतं, आणि हात पुढे सरकेना.

"नाही लावायचं," ती म्हणाली.

"काय?"

"हे नाव माझ्या बाटलीवर नाही लावायचं. 'मनसर'च राहू दे."

मैनाबाईंना कळेचना. "अगं मग मागितलंस कशाला? त्याच्याकडून काढून घेतलंस, आणि आता..."

"त्याच्याकडे नको होतं म्हणून घेतलं. एवढे दिवस मलाही वाटायचं की मला हवंय म्हणून." ती आईच्या शेजारी पायरीवर बसली. "हक्कसोडीच्या दिवशी आबा नोंदणीच्या कचेरीत तिथेच होते, आई. तू घरी होतीस. अभी बाहेर सिगारेट ओढत होता. सहीच्या आधी साहेबाने माझ्या अंगठ्याला शाई लावली आणि कागदावर दाबला. आबा शेजारच्या बाकावर बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. एकदा, फक्त एकदा म्हणाले असते की राहू दे, तरी मी उठून आले असते. ते काहीच बोलले नाहीत. मग झाल्यावर माझा हात हातात घेतला आणि खांद्यावरच्या उपरण्याने अंगठा पुसून दिला. किती प्रेमाने पुसला, आई! नखाच्या कडेची शाईसुद्धा राहू दिली नाही."

मैनाबाई म्हणाल्या, "ते गेले गं. गेलेल्या माणसावर कसला डूख धरतेस?"

"होते तेव्हा मी बोलले नाही."

"अभीने नाव विकलं, तरी ते होतं कुठेतरी. तू तर पुसूनच टाकलंस."

"हो," शामला म्हणाली. तिच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता. रडू होतं, पण पश्चात्ताप नव्हता.

दोन दिवसांनी मैनाबाईंनी पिशवी भरली. निघताना त्यांनी लेकीचा हात धरला. "एक बाटली कर. विकू नको, कुणाला दाखवू नको. माझ्या फडताळात ठेवीन."

"नाही, आई."

नमुन्याचा तो कागद अजून कोनाड्यात पडला होता. मैनाबाईंनी तो उचलला, चार घड्या घातल्या आणि कमरेच्या चंचीत खोवला. शामलाने ते पाहिलं. तेवढा कागद मात्र तिने आईकडून काढून घेतला नाही.